‘पारा घसरला’, पण तो पारा नसतोच! : तापमापकातल्या द्रवाची गोष्ट



थंडी सुरू झाली की आपल्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो. ‘निफाडमध्ये पारा घसरला.’ उन्हाळ्यात त्याच जागी ‘विदर्भात पारा चढला’ असं येतं. आपणही बोलताना म्हणतो, साहेबांचा पारा आज चढलेला आहे, जरा जपून. पारा आपल्या भाषेत इतका मुरलेला आहे.

आता गंमत बघा. निफाडचा तो घसरलेला पारा, तो बहुतेक वेळा पारा नसतोच. हवामान केंद्रात पांढऱ्या रंगाची, झडपांची एक लाकडी पेटी असते, स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात तिला. जुन्या पद्धतीच्या पेटीत चार तापमापक असतात: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. त्यातल्या कमाल तापमापकात पारा असतो. पण रात्रीचं सर्वांत कमी तापमान नोंदवणारा जो किमान तापमापक, त्यात असतो मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल. म्हणजे दुपारी ‘पारा चढला’ हे खरं, आणि पहाटे ‘पारा घसरला’ हे चूक! घसरला तो मद्यार्क.

मग माझ्यासारख्या भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न पडतो. एकाच पेटीत, एकाच कामासाठी, दोन वेगळे द्रव का? पाणी का नाही? तेल का नाही? आणि मुळात यातला कुठला द्रव ‘खरं’ सांगतो, हे ठरवलं कुणी? आज आपण या प्रश्नांमागचा साधारण अडीचशे वर्षांचा इतिहास बघणार आहोत. वरवर हा काचेच्या नळीचा इतिहास वाटेल. पण त्याच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे: ज्याने मोजायचं ते साधनच बरोबर आहे की नाही, हे कशाने मोजायचं?

नळीत काय चालतं?

आधी दोन मिनिटं, हे यंत्र चालतं कसं ते पाहू. खाली एक काचेचा गोळा, त्याला जोडलेली बारीक भोकाची नळी. गोळ्यात द्रव. गरम केलं की द्रव प्रसरण पावतो, त्याला गोळ्यात जागा पुरत नाही, तो नळीत चढतो.

पण प्रसरण असतं किती? पारा एक अंश सेल्सिअसला आपल्या आकारमानाच्या साधारण ०.०००१८ इतका वाढतो. काचसुद्धा थोडी वाढते, म्हणजे गोळा मोठा होतो. ती वाढ वजा केली की हातात उरतात सुमारे ०.०००१६. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ही नगण्य वाढ डोळ्यांना दिसावी म्हणून नळीचं भोक बारीक ठेवायचं. समजा गोळ्यात ०.२ घन सेंटिमीटर पारा आहे आणि भोकाचा व्यास ०.२ मिलिमीटर आहे. गणित करून बघा, १० अंशांच्या फरकाला पारा सुमारे १ सेंटिमीटर चढतो. झालं की नाही काम?

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. पहिली, आपण वाचतो ती नुसत्या द्रवाची वाढ नाही, द्रवाची वाढ वजा काचेची वाढ आहे. दुसरी, नळीवर आपण सारख्या अंतरावर रेघा मारतो, तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो: हा द्रव प्रत्येक अंशाला सारखाच वाढतो. हे गृहीतक खरं आहे का? तिथेच सगळं महाभारत आहे.

सुरुवात हवेपासून

सगळ्यात आधी जे साधन आलं त्यात द्रव मोजमाप करतच नव्हता. गॅलिलिओचा शिष्य बेनेडेट्टो कास्तेल्ली याने १६३८ साली एका पत्रात जुनी आठवण लिहून ठेवली आहे. गॅलिलिओने कोंबडीच्या अंड्याएवढा काचेचा गोळा घेतला, त्याला लांब बारीक मान होती. तो त्याने तळहातांत धरून गरम केला आणि मानेचं टोक पाण्यात बुडवलं. हात काढल्यावर आतली हवा थंड होऊन आकसली आणि पाणी मानेत वर चढलं. याला थर्मोस्कोप म्हणतात. ‘स्कोप’ म्हणजे दाखवणारा. मोजणारा नाही. पदुआचा वैद्य सांतोरिओ याने त्याला मापाच्या खुणा जोडल्या आणि रोग्यांसाठी वापरायला सुरुवात केली.

हवा फार संवेदनशील असते, थोड्या उष्णतेनेही पुष्कळ फुगते. पण या साधनात एक खोट होती, आणि ती कळायला बरीच वर्षं गेली. नळीचं खालचं टोक उघडं होतं. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की पाणी वरखाली व्हायचं, तापमान तेच असलं तरी! टोरिचेलीने वायुदाबमापक केला १६४३-४४ च्या सुमारास. त्यानंतर लक्षात आलं की आपला थर्मोस्कोप एकाच वेळी दोन गोष्टी सांगतोय आणि त्यातली कुठली किती, हे त्याचं त्यालाही माहीत नाही. वादळ येण्याआधी दाब उतरला की हे साधन ‘उष्मा वाढला’ म्हणून सांगणार!

फ्लॉरेन्सचा मद्यार्क

यावरचा उपाय फ्लॉरेन्समध्ये सापडला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरा, मेदिची घराण्यातला, याला स्वतःला अशा उपकरणांचा नाद होता. १६५० च्या आसपास त्याच्या दरबारात एक नवा तापमापक तयार झाला. गोळ्यात हवेऐवजी मद्यार्क भरायचा आणि नळीचं वरचं टोक काच वितळवून कायमचं बंद करायचं. आता बाहेरच्या दाबाचा संबंधच तुटला. आपण ज्याला थर्मामीटर म्हणतो, त्याचा जन्म खरा इथला.

मद्यार्क का घेतला? कारणं सोपी आहेत. तो इटलीच्या कुठल्याही हिवाळ्यात गोठत नाही. पाऱ्यापेक्षा जवळजवळ सहापट जास्त प्रसरण पावतो, म्हणजे फार बारीक भोकाची गरज नाही. आणि सहज मिळतो. नळीवर अंश दाखवायला काचेचे बारीक मणी चिकटवत. फ्लॉरेन्सच्या दरबारातले काच फुंकणारे कारागीर या कामात इतके तयार होते, की त्यांचे ५० अंशांचे तापमापक एकमेकांशी जुळत. १६५४ पासून असे तापमापक वेगवेगळ्या शहरांत पाठवून रोज नोंदी घ्यायची व्यवस्थाही त्या दरबाराने उभी केली. हवामान केंद्रांचं हे पहिलं जाळं.

याच मंडळींची १६५७ साली स्थापन झालेली अकादेमिया देल चिमेंतो. ‘चिमेंतो’ म्हणजे प्रयोग, कसोटी. त्यांनी एक मजेदार गोष्ट टिपली, तुम्हीही घरी पाहू शकता. थंड तापमापक एकदम गरम पाण्यात बुडवा. द्रव आधी किंचित खाली येतो आणि मग चढायला लागतो. का? कारण गरम पाणी आधी काचेला भेटतं. काचेचा गोळा आधी मोठा होतो, आतला द्रव अजून थंडच असतो, म्हणून पातळी उतरते. मघाशी म्हटलं होतं ना, आपण वाचतो ती वजाबाकी आहे. ही ती वजाबाकी, डोळ्यांसमोर.

पण फ्लॉरेन्सच्या पद्धतीत एक उणीव होती. त्यांचे तापमापक आपसांत जुळत, कारण कारागीर तेच आणि नमुना तोच. दुसऱ्या गावच्या माणसाने बनवलेला तापमापक त्यांच्याशी जुळेल याची काही खात्री नव्हती. सगळ्यांना मान्य होतील असे स्थिर बिंदू नव्हते.

पाणी आणि तेल

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं करण्यापेक्षा पाणी का नाही भरलं? फुकट मिळतं. ज्याँ रे नावाच्या फ्रेंच वैद्याने १६३२ च्या सुमारास पाण्याचा तापमापक केलाही होता. पण पाणी या कामासाठी अगदी वाईट. एक तर ते शून्याला गोठतं आणि गोठताना फुगून नळी फोडतं. पण त्याहून वाईट खोड दुसरी आहे. पाणी थंड करत गेलात की ४ अंशांपर्यंत ते आकसतं आणि त्याखाली पुन्हा फुगायला लागतं! त्यामुळे ० अंशाला आणि ८ अंशांना पाण्याचं आकारमान जवळजवळ सारखंच असतं. म्हणजे पाण्याच्या तापमापकात एका रेघेवर दोन तापमानं. महाबळेश्वरच्या थंडीत तो तुम्हाला सांगणार, ‘शून्य असेल, नाहीतर आठ असेल, तुमचं तुम्ही बघा.’

न्यूटनने १७०१ साली, स्वतःचं नाव न घालता, उष्णतेच्या मापावर एक निबंध छापला. त्याने वापरलं जवसाचं तेल. वितळणाऱ्या बर्फाला ० आणि माणसाच्या शरीराच्या उष्णतेला १२ असं त्याचं माप. तेलाचा फायदा असा की ते मद्यार्कासारखं लवकर उकळत नाही, जास्त तापमानापर्यंत जाता येतं. तोटा? ते चिकट. ज्यांनी तेलाची बाटली रिकामी केली आहे त्यांना सांगायला नको. पातळी उतरली तरी तेल नळीच्या आतल्या अंगाला धरून राहतं, सावकाश ओघळतं, आणि थंडीत तर जवळजवळ हलतच नाही.

एका अनाथ मुलाचा हट्ट

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. डॅनियल गाब्रिएल फॅरनहाइट. जन्म १६८६, डॅन्झिग या बंदरात, आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क. घर व्यापाऱ्याचं, सुखवस्तू. १७०१ च्या ऑगस्टमध्ये विषारी अळंबी खाण्यात आली आणि आईवडील दोघंही एकाच दिवशी गेले. मुलगा पंधरा वर्षांचा. पालकत्व ज्यांच्याकडे आलं त्यांनी त्याला व्यापार शिकायला अ‍ॅमस्टरडॅमला पाठवलं. याचं मन लागलं काचेच्या नळ्यांमध्ये.

१७०८ साली तो कोपनहेगनला ओले रोमरला भेटला. हा तोच रोमर, ज्याने गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून प्रकाशाला वेग असतो हे दाखवलं. रोमर दोन स्थिर बिंदू घेऊन तापमापक आखत होता. फॅरनहाइटने ती पद्धत उचलली आणि सुधारली. काही वर्षांनी त्याने हाले इथल्या क्रिस्टियान वोल्फ या प्राध्यापकाला मद्यार्काचे दोन तापमापक दिले. दोघांचं वाचन तंतोतंत जुळलं. आज आपल्याला यात काय विशेष, असं वाटेल. त्या काळी हे इतकं नवल होतं की वोल्फने १७१४ साली त्यावर लेख छापला.

त्याच सुमारास फॅरनहाइट पाऱ्याकडे वळला. त्याने स्वतः १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे लिहिलं आहे. पाणी ठराविक तापमानालाच उकळतं, हा फ्रेंच संशोधक आमोंतोंचा शोध त्याच्या वाचनात आला होता आणि ते स्वतः पडताळून बघायची त्याला इच्छा झाली. पण मद्यार्क तर पाण्याच्या आधी, ७८ अंश सेल्सिअसलाच उकळतो. पाण्याचा उत्कलनबिंदू त्याने मोजणार कसा? आमोंतोंनेच लिहिलं होतं की वायुदाबमापकातला पारा उष्णतेने थोडा वाढतो आणि तेवढी दुरुस्ती करावी लागते. दुसऱ्यांना जी चूक वाटत होती, तिच्यात फॅरनहाइटला तापमापक दिसला.

पाऱ्याचे गुण बघा. तो जवळजवळ ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे वरच्या बाजूला भरपूर जागा. काचेला चिकटत नाही, मागे थर सोडत नाही. चकचकीत, अपारदर्शक, बारीक भोकातही रेघ स्पष्ट दिसते. उष्णता त्याच्यातून पटकन पसरते आणि त्याला गरम व्हायला उष्णता लागतेही कमी, त्यामुळे तो लवकर उत्तर देतो. अट एवढीच, पारा शुद्ध हवा. मळकट पारा काचेला चिकटतो, तुटतो. फॅरनहाइटचं कसब होतं पारा स्वच्छ करण्यात आणि एकसारख्या भोकाची नळी निवडण्यात.

१७२४ च्या त्या लेखांत त्याचं मापही दिलं आहे. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला ०, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२, निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत ९६. पावसाचं पाणी उकळतं २१२ ला, मद्यार्क १७६ ला. त्याने असंही दाखवलं की हवेचा दाब बदलला की उकळण्याचा बिंदू हलतो. म्हणजे आमोंतोंचा ‘ठराविक’ बिंदूसुद्धा दाब सांगितल्याशिवाय ठराविक नाही. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि १७३६ साली हेग इथे वारला.

दोन तापमापक भांडतात तेव्हा

आता खरी अडचण. बोअरहाव नावाचे डच वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ होते, त्या काळातले फार मोठे अध्यापक. त्यांच्याकडे फॅरनहाइटनेच बनवलेले दोन तापमापक होते, एक पाऱ्याचा, एक मद्यार्काचा. दोन्ही एकाच माणसाने, एकाच पद्धतीने आखलेले. आणि दोघांचं वाचन जुळेना! फॅरनहाइटने कारण दिलं, काच वेगळी असेल. बोहेमियाची काच, इंग्लंडची काच, हॉलंडची काच, त्यांचं प्रसरण सारखं नसतं. कारण चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. मुख्य कारण द्रवांत होतं. पारा आणि मद्यार्क दोघांनाही बर्फात आणि गरम पाण्यात एकाच खुणेवर आणलं, तरी मधल्या वाटेवर ते सारख्या पावलांनी चालत नाहीत.

मग बरोबर कोण? आता विचार करा. हे ठरवायला खरं तापमान माहीत हवं. खरं तापमान कळायला बरोबर तापमापक हवा. बरोबर तापमापक कुठला, हेच तर ठरवायचं आहे. म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार.

यातून बाहेर पडायचा एक हुशार प्रयत्न जिनिव्हाच्या ज्याँ आंद्रे देल्युकने केला. त्याचा ग्रंथ १७७२ चा. त्याची युक्ती अशी. बर्फाइतकं थंड पाणी आणि उकळीचं पाणी सारख्या वजनात मिसळा. मिश्रणाचं तापमान बरोबर मध्यावर यायला हवं, ते तापमापक न लावताच आपल्याला माहीत आहे. त्या वेळी रेओम्युरचं ० ते ८० असं माप चालायचं, म्हणजे मध्य ४०. आता या मिश्रणात वेगवेगळ्या द्रवांचे तापमापक बुडवा आणि ४० च्या जवळ कोण येतो ते पाहा.

निकाल काय लागला? पारा साधारण साडेअडतीस. ऑलिव्हचं तेल त्याच्या थोडं खाली. मद्यार्क ३४ च्याही खाली. आणि पाणी? जेमतेम १९. शर्यत पाऱ्याने जिंकली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक शास्त्रज्ञांनी पारा मान्य केला.

पण मंडळी, या युक्तीतही एक फट आहे. मिश्रण मध्यावर येतं हे कधी खरं? पाण्याला प्रत्येक अंश चढायला सारखीच उष्णता लागत असेल तर. ती सारखी लागते की नाही हे बघायला काय लागणार? तापमापक! म्हणजे देल्युक वर्तुळातून बाहेर पडला नाही, त्याने वर्तुळ थोडं मोठं केलं. तरी त्याचं काम वाया गेलं नाही. पाणी आणि मद्यार्क हे उमेदवार का नापास, हे त्याने आकड्यांनी दाखवलं.

सायबेरियात पारा फसवतो

पारा जिंकला खरा, पण त्याचीही एक हद्द आहे, आणि ती माहीत नसल्याने एक मोठा घोटाळा झाला. १७३४-३५ च्या हिवाळ्यात रशियन मोहिमेबरोबर गेलेला योहान गेओर्ग ग्मेलिन हा निसर्गशास्त्रज्ञ सायबेरियात येनिसेस्क इथे होता. थंडी अशी की उडते पक्षी मेल्यासारखे खाली पडत होते, असं त्याने लिहिलंय. त्याच्या पाऱ्याच्या तापमापकाने दाखवलं उणे १२० अंश फॅरनहाइट. म्हणजे आपले उणे ८४ अंश सेल्सिअस. युरोपात लोकांनी तोंडात बोटं घातली.

खरं काय झालं होतं? पारा उणे ३९ अंशांच्या जवळपास गोठतो, आणि गोठताना तो एकदम पुष्कळ आकसतो. गोठणारा पारा नळीत खाली खाली गेला आणि वाचणाऱ्याला वाटलं थंडी वाढतेय. साधन मेलं होतं, पण आकडे दाखवत होतं. यंत्र बंद पडलं तर निदान कळतं. ते चुकीचा आकडा ऐटीत दाखवायला लागलं, तर माणूस पुरता फसतो.

पारा हा धातू गोठू शकतो यावर तोवर कुणाचा विश्वास नव्हता. १७५९ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गमध्ये योसेफ आडाम ब्राउनने बर्फ आणि नायट्रिक आम्ल यांच्या मिश्रणात पारा गोठवला. घन पारा बाहेर काढून हातोडीने ठोकून बघितला, इतर धातूंसारखा तो चपटा झाला. पण गोठण्याचा बिंदू त्याने सांगितला तो उणे ३५२ फॅरनहाइट! का? कारण तो पाऱ्याचं गोठणं पाऱ्यानेच मोजत होता.

हा गुंता सोडवला हेन्री कॅव्हेंडिशने. त्याने लंडनमध्ये बसून उपकरण आखलं आणि कॅनडात हडसन उपसागराकाठच्या अल्बनी किल्ल्यावर टॉमस हचिन्स या अधिकाऱ्याने १७८१-८२ च्या हिवाळ्यात प्रयोग केला. युक्ती साधी. तापमापकाचा गोळा एका मोठ्या भांड्यातल्या पाऱ्यात बुडवायचा. भांड्यातला पारा बाहेरून गोठायला लागला की, अर्धा घन, अर्धा द्रव असेपर्यंत, त्याचं तापमान हलत नाही, जसं बर्फ-पाण्याचं हलत नाही. आतल्या तापमापकातला पारा अजून द्रवच आहे, त्याचं वाचन त्या वेळी स्थिर राहतं. तोच गोठणबिंदू. उत्तर आलं, उणे ३९ फॅरनहाइटच्या आसपास. आजच्या किमतीच्या अगदी जवळ.

त्यामुळे अतिथंड प्रदेशात आजही मद्यार्कच. तो उणे ११४ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही.

हवेकडे परत

एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या दशकात, पॅरिसच्या आंरी व्हिक्तोर रेन्योने या वादाला वेगळं वळण दिलं. त्याने ‘खरं तापमान कुठलं’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. त्याने विचारलं, एकाच जातीची दोन साधनं निदान एकमेकांशी तरी जुळतात का? जी स्वतःशीच जुळत नाहीत ती बाद. सिद्धांत आधी मानायचा नाही, देल्युकसारखी गृहीतकंही नकोत.

या कसोटीवर पारा अडकला. वेगवेगळ्या काचेत भरलेले पाऱ्याचे तापमापक १०० अंशांपर्यंत छान जुळत, पण ३०० च्या पुढे त्यांच्यात काही अंशांचा फरक पडू लागे. इथे फॅरनहाइटची काचेची तक्रार अखेर खरी ठरली. कसोटीला उतरली कोण? हवा! हवा इतकी जास्त प्रसरण पावते की काचेचा थोडा फरक तिच्यापुढे नगण्य. गॅलिलिओच्या गोळ्यातून हाकललेली हवा दोन-अडीचशे वर्षांनी प्रमाण म्हणून परत आली. फक्त आता ती बंदिस्त होती आणि तिचा दाब काटेकोर मोजलेला होता. पुढे केल्व्हिनने १८४८ साली, कुठल्याच पदार्थाच्या स्वभावावर अवलंबून नसलेलं तापमानाचं माप मांडायला घेतलं, तो विषय एका वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

काखेतला पारा आणि त्याची किंमत

पारा प्रयोगशाळेतून घराघरांत आला तो डॉक्टरांमुळे. लाइपझिगच्या वुंडरलिशने हजारो रोग्यांच्या तापाच्या नोंदी करून १८६८ साली ग्रंथ लिहिला. ताप हा रोग नसून लक्षण आहे, आणि त्याचा आलेख रोगाची ओळख सांगतो, हे त्याने मांडलं. पण त्याचा तापमापक जवळजवळ फूटभर लांब, आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरायचा. इंग्लंडच्या ऑलबटने त्याच दशकात सहा इंची तापमापक केला, पाच मिनिटांत काम करणारा. त्यानंतरच तो डॉक्टरच्या खिशात बसला.

आपल्या घरातला तापमापक आठवा. आई कपाळाला हात लावायची आणि मग कपाटातली ती नळी काढून दोनदा झटकायची. का झटकायची? गोळ्याच्या जरा वर नळीला एक चिमटा दिलेला असतो. पारा चढताना त्यातून जातो, पण थंड होताना तिथे धागा तुटतो आणि वरचा पारा जागीच राहतो. त्यामुळे उजेडात नेऊन निवांत वाचता येतं. हवामान केंद्रातला कमाल तापमापक याच युक्तीचा. पारा काचेला चिकटत नाही, म्हणूनच हे जमतं.

किमान तापमापकात उलट पाहिजे. तिथे मद्यार्कात एक बारीक काचेची काडी बुडवलेली असते आणि नळी आडवी ठेवतात. मद्यार्क आकसताना त्याचा पृष्ठभाग काडीला मागे ओढत नेतो. पुन्हा वाढताना तो काडीच्या बाजूने निघून जातो, काडी तिथेच राहते. सकाळी निरीक्षक तिचं टोक वाचतो. मद्यार्क काचेला ओला करतो, पारदर्शक आहे, सहसा गोठत नाही. तोच त्याचा ‘दोष’ इथे कामाला आला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ ची, भारतीय हवामान खातं १८७५ चं. एवढ्या वर्षांच्या आपल्या नोंदींत पारा आणि मद्यार्क दोघांचेही हात आहेत.

पण पाऱ्याची एक बाजू आपण लहानपणी पाहिली तरी ओळखली नाही. थर्मामीटर फुटला की आम्ही मुलं ते चमकते मणी तळहातावर घेऊन खेळायचो. पाऱ्याची वाफ रंगहीन, वासहीन असते आणि ती श्वासावाटे शरीरात जाऊन मज्जासंस्था आणि मूत्रपिंडांना इजा करते. तमिळनाडूत कोडाईकनाल इथे १९८३ साली तापमापकांचा एक कारखाना अमेरिकेतून आणून बसवला गेला. पारा लागलेली फुटकी काच गावातल्या भंगारात सापडली आणि २००१ मध्ये तो बंद झाला. कामगारांच्या आरोग्याचा लढा पुढे पंधरा वर्षं चालला. २०१६ साली ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली. आपल्या मुलांचा ताप मोजणारी नळी भरणाऱ्यांच्या श्वासात काय जात होतं, हा विचार आपण कुणी केला नव्हता.

२०१३ साली मिनामाता करार झाला, जपानमधल्या ज्या गावाने पाऱ्याच्या विषबाधेचं भयंकर रूप पाहिलं त्याच्या नावाने. भारताने तो २०१८ साली मान्य केला. त्यानुसार पाऱ्याचे वैद्यकीय तापमापक हद्दपार होत आहेत. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक साधनं आली. काही काचेच्या तापमापकांत गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा द्रव मिश्रधातू असतो.

म्हणजे ‘सर्वांत चांगला द्रव कुठला?’ याला एक उत्तर नाही. कशासाठी, कुठे, कोणत्या मर्यादेत, आणि कुणाच्या जिवावर, हे चारही प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळतं. उद्या कुठल्याही यंत्राने आकडा दाखवला, तर एकदा मनात विचारा: हा आकडा कशाशी ताडून पाहिला आहे? ग्मेलिनने विचारलं नव्हतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : बाजारात लाल रेषेचा थर्मामीटर मिळतो, त्यात काय असतं?

मद्यार्क किंवा तसाच दुसरा सेंद्रिय द्रव. तो मुळात रंगहीन असतो, दिसावा म्हणून रंग घालतात. लाल किंवा निळा दिसला तर पारा नाही. चंदेरी दिसला तर बहुधा पारा, किंवा तो मघाचा मिश्रधातू.

प्रश्न : घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर आहे. वापरू नये का?

अखंड असेल तर त्यातून पारा बाहेर येत नाही, घाबरायचं कारण नाही. फुटला तर मात्र खिडक्या उघडा, मुलांना खोलीबाहेर काढा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने पारा आणखी पसरतो. हातमोजे घालून जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी मणी गोळा करा आणि झाकणाच्या बरणीत बंद करा. मोरीत ओतू नका आणि कचऱ्यात टाकू नका. घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्या.

प्रश्न : मग आता मथळे बदलायचे का? ‘मद्यार्क घसरला’ म्हणायचं?

(हशा) नको. भाषेतला पारा राहू द्या, तो कुणाला बाधत नाही. तो वाचताना निफाडच्या पेटीतली आडवी नळी आणि त्यातली ती काचेची काडी आठवली, तरी आजचं येणं सार्थकी लागलं.